दोन स्क्रू पुरतात

“आणि पेशीच्या आत जे पाणी असतं, ते” एवढं टाइप केलं आणि पडदा काळा झाला.

मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “अगं, खिडक्या उघड्या आहेत,” यावरून ओळखा. टेबलाखाली कॉम्प्युटरचा पंखा एकदा घरघरला आणि तो आपणहून परत चालू व्हायला लागला. निगरगट्ट मेला, जसं काही झालंच नाही. त्याला पूर्ण शुद्धीवर यायला अडीच मिनिटं लागतात. ती अडीच मिनिटं मी पलंगापासून खिडकीपर्यंत येरझारा घालते. सहा पावलं जायला, सहा यायला. नखं खाते ते वेगळंच.

दारात बाबा उभे होते, नेहमीसारखे भिंतीला टेकून. हातात माझ्यासाठी आणलेला चहा, त्यातला निम्मा बशीत.

“काय झालं गं ठिणगी?”

“काही नाही. तुम्ही जा बरं.”

ठिणगी हे त्यांनीच ठेवलेलं नाव. वायरमनच्या मुलीच्या नाकावर राग असेल तर आणखी काय म्हणणार?

माझं काम सांगते, म्हणजे अडीच मिनिटांचं मोल कळेल. एका कॉलेजात ऐकू न येणारी अकरा मुलं शिकतात. वर्गात शिक्षक बोलतात, ते माझ्या हेडफोनमध्ये येतं. मी घरी बसून ते त्याच वेगाने टाइप करते आणि मुलांसमोरच्या पडद्यावर अक्षरं उमटतात. मी थांबले की शिक्षकांचे ओठ हलत राहतात आणि अकरा मुलं रिकाम्या पडद्याकडे बघत बसतात. शिक्षकांना पाठ फिरवून फळ्यावर लिहायची सवय आहे, त्यामुळे मी गेलेय हे त्यांना कळतसुद्धा नाही.

त्या दिवशी, सोमवारी दुपारी, कॉलेजच्या बाईंचा फोन आला. आमच्यासारख्यांचं काम त्या बघतात. माझी तीन महिन्यांची चाचणी चालू होती.

“तुमचा वेग उत्तम आहे,” त्या म्हणाल्या, “चुका जवळजवळ नाहीत. पण मुलांना मध्येच सोडून जाणारं माणूस मला नको. पुढच्या गुरुवारी अकराच्या तासाला मी स्वतः वर्गात बसणार आहे. तो तास पुरा झाला तर तुम्ही कायम. नाही झाला तर मला दुसरं कुणी बघावं लागेल.”

मध्येच सोडून जाणारं माणूस. हे मी याआधीही ऐकलं होतं, दुसऱ्या घरात, दुसऱ्या कुणाकडून. गेल्या वर्षी मी नवऱ्याचं घर सोडलं. एक सुटकेस आणि हा कॉम्प्युटर घेऊन आईबाबांच्या दारात उभी राहिले. आई रडली. बाबांनी एकच प्रश्न विचारला, “कॉम्प्युटर कुठे ठेवणार?” दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर माझ्या जुन्या खोलीत दाराशेजारी नवा प्लास्टिकचा बॉक्स, त्यात तीन प्लगची जागा, भिंतीवरून सरळ आलेली वायर. “घे, तुझा पॉइंट,” म्हणाले. एवढंच. का आलीस, किती दिवस, पुढे काय, यातलं काहीही त्यांनी आजतागायत विचारलेलं नाही.

तेव्हा ही नोकरी म्हणजे माझ्यासाठी नुसती नोकरी नव्हती. मी शेवटपर्यंत बसून राहू शकते, हे एकदा मला दिसायला हवं होतं. आणि हा डबा मला बसू देत नव्हता.

मी कंबर कसली. त्याच संध्याकाळी कॉम्प्युटर उघडला. आत इतकी धूळ होती की त्यात उशी भरता आली असती. ब्रशने झाडली, पंखा पुसला, मेमरीच्या पट्ट्या काढून परत बसवल्या. मंगळवारी दोनदा बंद पडला. मग चष्मेवाल्याला बोलावलं. हा आमच्या रस्त्यावरचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर, आणि कामाच्या वेळी तो नेहमी तिसराच शोधत असतो.

“ताई, पॉवर सप्लाय गेला असणार,” तो म्हणाला आणि बदलला. बुधवारी बंद पडला.

“ताई, मग मेमरी,” म्हणाला. मेमरी बदलली. बुधवारीच परत बंद पडला.

आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललं होतं आमचं. कॉलेजला पुढे तीन दिवस सुट्टी होती म्हणून तो डबाच दुकानात घेऊन गेला. तीन दिवस, दिवसरात्र चालू ठेवला. शनिवारी संध्याकाळी परत आणून दिला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं.

“एकदाही नाही, ताई! माझ्याकडे अगदी गुणी बाळासारखा चालला. आता एक सांगू का? राग मानू नका. मशीनमध्ये काही नाही. तुमच्या भिंतीतलं एकदा बघून घ्या. नाहीतर सरळ एक यूपीएस लावा, लाइन हलली तरी मशीन हलणार नाही.”

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. “आमच्या भिंतीत काही नसतं,” मी म्हटलं. “तुम्हाला सापडत नाही तर तसं सांगा.”

हे समजायला आमचं घर समजायला हवं. बाबांनी चाळीस वर्षं लोकांच्या घरांत वीज खेळवली. कुणाच्याही घरी गेले आणि तिथला बोर्ड उघडला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “कुणी केलंय हे काम?” आवाज चढवायचे नाहीत, पण घरमालक आपणच काही पाप केल्यासारखा खाली बघायचा. स्क्रूची खाच झिजलेली दिसली तर म्हणायचे, पेच खाल्लेला आहे, म्हणजे कारागीर घाईत होता किंवा प्यायलेला. लहानपणी मी त्यांच्यामागे बॅटरी धरून उभी राहायचे. आमच्या घरात बोर्डाला बाहेरच्याचा हात लागत नाही. संशयही घ्यायची पद्धत नाही. सगळ्या जगावर संशय घ्यावा, बाबांच्या जोडावर नाही.

चष्मेवाल्याचं बोलणं त्यांनी बाहेरच्या खोलीतून ऐकलं होतं. तो गेल्यावर आत आले, खिशातला टेस्टर काढला, दोन्ही हातांनी धरून प्लगच्या भोकात घातला. दिवा पेटला.

“लाइन आहे,” म्हणाले. “यूपीएस कशाला? इथे वीज जाते कधी?”

“तेच तर मी त्याला सांगितलं.”

जाताना दारातून त्यांनी बोर्डाकडे एकदा वळून पाहिलं. त्यांनीच मला शिकवलं होतं, टेस्टर खोटं बोलत नाही पण अर्धंच सांगतो. मला ते आठवलंही. पण ते त्यांच्याच कामाला लावून बघावं, हे नाही सुचलं.

सोमवारी दोनदा बंद पडला. आता तीन दिवस राहिले होते आणि मला धड जेवण जात नव्हतं. फोन वाजला तरी दचकत होते. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून चालू ठेवली होती, वही. डाव्या पानावर मी लिहायचे, बंद पडल्याची वेळ, काय काय उघडं होतं, डबा किती तापला होता. उजवं पान आईला दिलं होतं. “त्या वेळी घरात काय चालू होतं ते तू लिही,” असं सांगून ठेवलं. मला म्हणायचं होतं मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन. दोनदा तिने “मशीन लावलं होतं, टॉवेल” असं लिहिलं, म्हणून मी मशीनच बंद करायला लावलं. बिचारी आठ दिवस हाताने कपडे धूत होती. तरी हा बंद पडतच होता.

मंगळवारीही दोनदा बंद पडला. बुधवारी दुपारी मी पलंगावर वही घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी अकराला तास. नऊ नोंदी. माझ्या पानावर काही म्हणजे काही जुळत नव्हतं. गरम असताना बंद, थंड असताना बंद, एक फाइल उघडी असताना बंद, दहा असताना बंद. मग आईचं पान. ते मी आधी वाचून हसून सोडून दिलेलं.

हे चहा घेऊन आत गेले.
मशीन लावलं होतं. टॉवेल.
हे आत गेले.
हे चष्मा शोधत आत गेले. चष्मा डोक्यावर.
हे आत गेले.

“आई, मी यंत्रं लिहायला सांगितली होती, नवरा नाही,” असं मी तिला परवाच म्हटलं होतं. ती म्हणाली होती, “घरात काय चालू होतं विचारलंस ना? हे चालू होते.”

आता मी मोजलं. नऊपैकी दोन वेळा मशीन. सात वेळा हे. आणि शेवटच्या नोंदीत दोन शब्द जास्त होते. हे आत गेले. भिंत धरून.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. “भिंत धरून म्हणजे काय?”

“म्हणजे भिंत धरून.” आईने भांड्यातून डोकं वर काढलं नाही. “मी काय कोडी घालते का?”

“कधीपासून?”

“झाले की बरेच महिने.”

“मला कसं दिसलं नाही?”

“तू पडद्याकडे बघत असतेस.”

मी खोलीत परत आले. दारात उभी राहिले, बाबा राहतात तशी. डावा हात जिथे पडला, तिथे तो बॉक्स होता. बरोबर तळव्याखाली. मी जरा वजन टाकलं.

पडदा काळा.

अडीच मिनिटं थांबले. या वेळी येरझारा घातल्या नाहीत. परत वजन टाकलं. काळा. तिसऱ्यांदा करून बघायची हिंमत झाली नाही. आठ दिवस साप साप म्हणून भुई धोपटत होते आणि साप दाराशेजारी, मीच रोज ज्यात प्लग घालते त्यात बसला होता. वॉशिंग मशीन पलीकडे त्याच भिंतीला लागून आहे. ते गरगरलं की भिंत हलते, हेसुद्धा मला तेव्हा समजलं.

खरं तर मार्ग सोपा होता. दुसऱ्या खोलीतून लांब वायर ओढायची, तास पुरा करायचा, कुणाला काही बोलायचं नाही. पाच मिनिटांचं काम. पण सैल जोड तापतो आणि तापलेला जोड एक दिवस पेटतो, हे मला सहा वर्षांची असल्यापासून माहीत होतं. ज्यांनी शिकवलं तेच बाहेर रेडिओ ऐकत पडले होते.

मी मेन स्विच खाली ओढला. बाहेर रेडिओ थांबला.

दारामागे अडकवलेल्या त्यांच्या पिशवीतून पेचकस घेतला आणि बॉक्स उघडायला लागले. बॉक्सला भिंतीत दोन स्क्रू होते, त्यातला एक नुसताच फिरत होता. झाकण काढलं. आतली वायर जिथे पकडायची, तिथला स्क्रू अर्धाच आत गेलेला. वायरचं टोक काळं पडलेलं, वरचं प्लास्टिक तपकिरी. स्क्रूची खाच खाल्लेली, पार गोल झालेली. आणि आजूबाजूला प्लास्टिकवर ओरखडे, सात-आठ तरी, पेचकस सटकल्याचे. बाबांच्या कामात मी उभ्या जन्मात ओरखडा पाहिला नव्हता.

पावलं ऐकू आली. बाबा दारात आले. हात सवयीने भिंतीकडे गेला, तिथे उघडा बॉक्स होता, म्हणून त्यांनी चौकट धरली. वाकून आत पाहिलं.

“कुणी केलंय हे काम?”

तोच आवाज, चाळीस वर्षांचा. तोंडातून आपोआप निघाला असणार. मग तो त्यांच्याच कानांवर पडला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो पडताना मला दिसला.

मी हातातला पेचकस खाली ठेवला.

“माझ्या बाबांनी,” मी म्हटलं. “मी घरी आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी. एक शब्द न विचारता.”

ते येऊन पलंगावर बसले. उजवा हात डाव्या हातात धरला. धरलेला असूनही तो थरथरत होता.

“तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं,” म्हणाले. “पेचकस खाचेत बसेना. बसला की सुटे. तू झोपली होतीस. म्हटलं उठायच्या आत व्हायला हवं. मग टेस्टर लावला, पेटला. म्हटलं, चालेल.”

“चालेल? तुम्ही म्हणालात, चालेल?”

“हो ना,” ते म्हणाले. “मीच म्हणालो.”

“मग सांगायचं नाही?” माझा आवाज चढला. मला रागच आला होता, खोटं कशाला बोलू. “निदान हा बंद पडायला लागल्यावर तरी? मी आठ दिवस वेड्यासारखी करतेय, त्या चष्मेवाल्याला काय काय बोलले मी!”

“काय सांगणार होतो? बापाच्या हातून आता स्क्रू आवळला जात नाही, हे? तू तरी कुणाच्या जिवावर आली होतीस इथे?” ते थांबले. “आणि मला वाटलं होतं गं, की बोर्डच असेल. उघडायला गेलो असतो तर तुझ्यासमोर हात दिसला असता. म्हणून तर सारखा येऊन बघत होतो, चालतोय का नीट.”

मी बॉक्सकडे बोट दाखवलं.

“बाबा, तुम्ही बघायला येत होतात म्हणूनच तो बंद पडत होता.”

त्यांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी दाराकडे पाहिलं, बॉक्सकडे पाहिलं, आपल्या डाव्या तळव्याकडे पाहिलं. आणि हसले. इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग नुसतं पाणीच राहिलं. मी शेजारी बसले. मला रडू येत होतं आणि तेवढ्यात दारात आई येऊन उभी राहिली, पदराला हात पुसत.

“शनिवारी साडेदहाला डॉक्टर,” ती म्हणाली. “नंबर लावून पंधरा दिवस झाले. तुमच्यापैकी एखाद्याला तरी तोंड फुटेल म्हणून थांबले होते. आणि वीज चालू करा आधी, माझं अर्धं वाटण मिक्सरमध्ये आहे.”

“हिला माहीत होतं?” बाबा मला म्हणाले.

“हिने लिहून दिलं होतं,” मी म्हटलं.

वाटण तसंच राहिलं. मी स्टुलावर बसले, बाबांनी पलंगावर बसून बॅटरी धरली. बॅटरीचा प्रकाश हलत होता, पण चालण्याजोगा होता. त्यांनी पिशवीतून नवा सॉकेट काढून दिला. “काळं टोक काप. आणखी. कंजुषी करू नकोस. आता वरचं सोल, अर्धा इंच. दुमड. घाल आत. आवळ. आणखी आवळ. आता ओढून बघ.” मी ओढलं. वायर हलली नाही. “अजून एकदा ओढ,” म्हणाले, कारण पहिल्या ओढीवर त्यांनी कधीच विश्वास ठेवलेला नाही.

शेवटी बॉक्स भिंतीवर बसवायचा होता. “या बॉक्सला दोन स्क्रू पुरतात,” ते म्हणाले.

आई मध्येच त्यांना बाहेर घेऊन गेली, औषध की काय म्हणून. मी भिंतीत दोन भोकं नवी पाडली. चार स्क्रू मारले, पिशवीत होते त्यातले सगळ्यात लांब.

गुरुवारी अकरा वाजता मी हेडफोन घातला. बाई वर्गात मागे बसल्या होत्या, त्यांनी मला तसं लिहून कळवलं होतं. शिक्षक मुळांवर बोलत होते, जमिनीत मुळं कुठवर जातात आणि पाणी कसं शोधतात. मी टाइप करत होते. दहा मिनिटं. पंधरा. माझं अर्धं लक्ष पडद्यावर आणि अर्धं तो कधी काळा होतोय यावर. एकदा फ्रीज घरघरला तर माझे डोळे आधी टेबलाखाली गेले.

अकरा वीसला दारात बाबा आले. हातात चहा नव्हता, तो आईने आधीच टेबलावर ठेवला होता. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसलं, ते चौकटीपाशी थबकले. हात भिंतीकडे गेला आणि अधांतरी थांबला. बॉक्सच्या वर वीतभर. मग त्यांनी तो परत खाली घेतला आणि तसेच उभे राहिले, कशालाही न धरता. पाय थरथरत होते.

मला बोलता येत नव्हतं. बोलले असते तर कानातलं वाक्य सुटलं असतं. बोटं थांबवता येत नव्हती. मी फक्त त्यांच्याकडे बघितलं आणि मानेने बॉक्स दाखवला.

ते हलले नाहीत. मी परत मान हलवली, जरा रागानेच.

तेव्हा त्यांनी हात ठेवला. आधी बोटं, मग तळवा, मग सगळं वजन. माझ्या कानात शिक्षक म्हणत होते की वरून दिसत नाही पण झाड उभं असतं ते याच्यामुळे. मी ते लिहिलं. पडद्यावर ते उमटलं. पुढचं लिहिलं, तेही उमटलं.

बारा वाजता तास संपला. बाईंनी दोनच शब्द लिहून पाठवले, “तुम्ही कायम.” मी हेडफोन काढला आणि खुर्ची फिरवली. बाबा अजून तिथेच होते, चाळीस मिनिटं. ते वाकून बॉक्सकडे बघत होते. एक, दोन, तीन, चार. चारही स्क्रूंवरून त्यांची नजर सावकाश फिरली. दोन पुरतात, हे ते म्हणणार म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं.

ते उत्तर लागलंच नाही. बाबांनी हात तिथून काढला नाही.